डबा तापेपर्यंत

काशा, तुझा तो गिटार-माइकचा डबा मी आमच्या घरी आणला होता. खांदा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. रिक्षात मागच्या सीटवर डबा ऐसपैस बसला होता आणि मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर लोंबकळत होतो. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर त्याला टेकवला आणि प्रत्येक मजल्यावर तुला एक शिवी घातली. तिसऱ्या मजल्यावरची विशेष जमली होती. छापण्यासारखी नाही, पण तुला ऐकवायला हवी होती.

आमच्या हिने दार उघडलं. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं त्यांना सांगत होतात ना, फेकून दे, फेकून दे म्हणून?"

"हो."

"फेकला त्यांनी. तुमच्याच अंगावर."

एवढं बोलून ती आत गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ती तुला भावजींपेक्षा जास्त काही म्हणत नसे, पण तू आलास की चहात आलं दुप्पट पडायचं, हे मी पाहिलेलं आहे.

तुझ्या तेराव्याला मी बोललो ते तू ऐकलं नसशील तर बरं. करंजाड्याला तुझ्याच अंगणात माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, "दोन शब्द तुमी बोला, तुमाला सवय हाय." सवय! मी उठलो आणि माझ्या या तोंडातून वाक्य बाहेर पडलं, "काशिनाथ हे अत्यंत मनमिळाऊ आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व होतं." मनमिळाऊ! एका मोसमात आपल्या ऑर्केस्ट्रातले दोन गायक आणि एक बाजावाला पळवून लावणारा माणूस! मागच्या रांगेत आपला ढोलकीवाला दामू बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी खाली बसलो. मितभाषी मात्र खरं होतं. आपल्या दोघांच्या वाटणीचं बोलण्याचं काम मी करायचो आणि तू गिटार. तेव्हा त्या दिवशी राहिलेलं आता बोलतो. जन्म, शिक्षण, नोकरी यांतलं काही सांगणार नाही. तू कुठे जन्मलास ते तुला माहीत आहे.

डबा माझ्याकडे आला तो वनितामुळे. तुझी लेक घरी आली, हातात पिशवी, पिशवीत तुमच्याकडची वालाची शेंग, म्हणजे काम मोठं आहे हे मी ओळखलं. तिचं लग्न तू गेल्यामुळे पुढे न ढकलता अलीकडे ओढलं होतं. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर लांबतं, हा तुमच्याकडचा नियम. मार्गशीर्षातली तारीख धरली होती.

"काका, आजी बोलतेय धवला गानार नाय."

हे ऐकून मी शेंगा सोलायचा थांबलो. तुझी आय म्हणजे पंचक्रोशीची धवलारीण, लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. आगऱ्यांचं लग्न तिने लावायचं, तिच्या गाण्यावर हळद लागायची, तिच्या गाण्यावर नवरीची ओटी भरायची. चार गावांतल्या पोरी जिच्या आवाजावर नांदायला गेल्या, तिच्या नातीच्या हळदीला धवला नाही?

"दुःखामुळे म्हणते का?"

"नाय. ती बोलते, बाप गेला म्हनून पोरीची हलद मुकी नाय जायाची. पन आवाज आता बसलाय तिचा. माइकाशिवाय मांडवात ऐकू जात नाय. आन नवीन साऊंडवाल्याच्या माइकात तिने शेजारच्या लग्नात म्हनून बघितलं. गान्याची एक ओल म्हनली आन माइक खाली ठेवला. बोलली, ह्यो कुना दुसऱ्या बाईचा आवाज हाय. तिला बाबांचा डबा पायजे. त्यातून तिचा आवाज तिचा येतो. पन तो चालू नाय. आई बोलली, काकांना विचार, दुरुस्त करायच्या लायकीचा हाय का नाय ते. ते बोलतील ते खरं."

ते म्हणजे मी! काशा, आख्ख्या पनवेल तालुक्यात या डब्याचा माझ्याइतका कडवा शत्रू दुसरा नव्हता, आणि न्याय करायला मला बसवलं.

मला तो पहिला दिवस आठवतो. तुला आठवत नसेल, कारण तू तेव्हा वाकून वायरी जोडत होतास, आणि तू वाकलेला असलास की जगाशी तुझा संबंध नसायचा. बेलपाड्याचा गणपती होता. मी काही तुमच्या ऑर्केस्ट्रात नव्हतो. टेलिफोन खात्यातला एक माणूस, खुर्च्या मांडायला मदत करणारा, फुकट कार्यक्रम बघणारा. आपली ओळख टपरीवरच्या चहापुरती. माणसं जमली, पडदा वर गेला, तू स्विच दाबला आणि काहीच झालं नाही. गिटार मुकी, माइक मुका. डब्याच्या मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या मंद नारिंगी दिसायला लागल्या होत्या, बस. समोर शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी ओरडलं, "ओ, झोपले काय?"

तू मान वर केलीस आणि बाजूला उभ्या असलेल्या मला म्हणालास, "जा, कायतरी बोल. डबा तापतंय."

"मी? मी काय बोलू?"

"टपरीवर रोज काय बोलतंस? ते बोल."

मी गेलो. माइक बंद, म्हणून ओरडून बोललो. आमच्या घरमालकाची शेळी आणि घरमालकिणीची पैठणी यांची गोष्ट सांगितली. शेळीने पदर खाल्ला तिथे पुढची रांग हसली, घरमालकीण शेळीला ओवाळायला निघाली तिथे मागची रांग हसली. मग पाठीमागून हळूच तो आवाज आला. हुंऽऽऽ. जणू डबा झोपेतून उठून म्हणतोय, हं, कोण आहे? तू तारांवर हात टाकलास आणि मी बाजूला झालो. कार्यक्रम संपल्यावर तू फक्त एवढंच बोललास, "पुढच्या शनिवारी उरणला. शेळी तीच, गाव नवा." आणि नाव ठेवलंस, पोपट. त्या दिवसापासून पनवेल ते उरण मी पोपट. आमच्या साहेबांनी एकदा खात्याच्या समारंभात मला पोपटराव म्हणून बोलावलं होतं, तेव्हा मला कळलं की माझं खरं नाव कायमचं गेलं.

डब्यातही मोठं असं काय होतं? मुंबईच्या कुणा मेकॅनिकने हाताने बांधलेला, प्लायवूडचा, वर काळं रेक्झिन, वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. समोर दोन भोकं, एकात तुझी गिटार, एकात माइक. इतरांचे डबे अर्ध्या मिनिटात तापतात म्हणे. आपला म्हातारा. थंडीत तर त्याला एवढा वेळ लागायचा की मला शेळीला दुसऱ्यांदा व्यायला लावावं लागे. वर दर दसऱ्याला तू त्याची पूजा करायचास. गिटारला हळद-कुंकू बोटाच्या टोकाने, देवाला लावल्यासारखं नाजूक. आणि डब्याला? प्रत्येक बटणाला हळद, प्रत्येक बटणाला कुंकू, वरून अक्षता, वर झेंडू. आणि दसरा संपला की तू तक्रार करायचास, "बटनं खरखर करतात." मी म्हणायचो, "अरे, त्यांच्या नाकात हळद गेलीय." तू म्हणायचास, "देवाचं देवाला. खरखरू दे."

हे सगळं मी सोसलं असतं. माझं खरं भांडण होतं ते माइकाशी. माइक चावायचा. दरवेळी नाही, पण रंगात आलो की चावायचा. मी एखादी गोष्ट फुलवत फुलवत आणलेली असायची, समोर माणसं मान पुढे करून बसलेली असायची, डब्यावरचा दिवा क्षणभर मिणमिणायचा आणि ओठांना मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. झिणिणि! मी पटकन गोष्ट संपवायचो आणि म्हणायचो, "तर आता ऐकू या पुढचं गीत..." पूजेचं स्टेज, म्हणून आपण अनवाणी. मला वाटायचं, ओल्या जमिनीमुळे होतं. मग वाटलं, माझे ओठच ओले असतात. मी माइकाला रुमाल बांधून बोलायला लागलो. उलव्याच्या एका पोराने विचारलं, "माइकाला दात दुखतो काय?"

प्रत्येक वेळी तू डब्याच्या मागे वाकलेला असायचास. "प्लग सैल हाय," म्हणायचास, तोंड एकदम गंभीर. "दाबून बसवला."

"अरे, हा डबा एक दिवस मला मारणार!"

"नाय मारत."

"टाक तो. ट्रांझिस्टरचा घे. सगळे घेतायत."

"नाय टाकाचा."

हे भांडण आपण किती वर्षं भांडलो? ऑर्केस्ट्राची नावं बदलली, गायक बदलले, की-बोर्ड आला आणि गिटारला कोपऱ्यात बसवलं गेलं, मग कॅसेटवाले आले आणि ऑर्केस्ट्राच कोपऱ्यात गेला. डबा तुझ्या ओट्यावर चादर घालून बसला आणि त्यावर वहिनीने पाण्याचा हंडा ठेवला. आपलं भांडण मात्र ओट्यावर चालू. शेवटचंही तिथेच झालं. तुझा श्वास तेव्हा लागायला लागला होता. मी म्हणालो, "आता तरी भंगारात दे. बंद पडलाय, वाजत नाही, कशाला ठेवतोस?" तू म्हणालास, "पोपटा, हा टाकला तं तू काय करशील?"

"मी? माझा काय संबंध?"

"बरं," म्हणालास. आणि मग, "रविवारी शौकतकडे नेऊ. बघेल तो." तो रविवार आला तेव्हा तू इस्पितळात होतास, आणि त्यानंतर रविवार कुठला, मंगळवार कुठला हे तुझ्या घरात कुणाला कळेनासं झालं. तुझा तो प्रश्न मला वेडगळ वाटला होता. मी चहा पिऊन निघून आलो.

तर वनिता येऊन गेल्यावरच्या रविवारी मी एकटाच डबा घेऊन शौकतकडे गेलो.

शौकत तुला माहीतच आहे. विश्राळे तळ्याजवळचं ते दुकान, ज्यात दुरुस्त होऊन बाहेर आलेला रेडिओ आजवर कोणी पाहिला नाही, पण त्याच्या तोंडून दुरुस्त झालेल्या रेडिओंची संख्या अफाट. त्याने मागची फळी काढली आणि तोंडावर हात ठेवला.

"या अल्ला. ये अॅम्प्लिफायर है के शादी का पंडाल?"

आत अक्षता होत्या, काशा. वाळलेला झेंडू होता. हळदीचा थर इतका की शौकतने फुंकर मारली आणि त्याची पांढरी दाढी पिवळी झाली. मला हसू आवरेना. तू मला सांग, बटणं खरखरत होती की आरती म्हणत होती?

मग त्याने निकाल दिला, हात पसरून, जणू समोर सभा बसली आहे. "साहब, ये गया. दो वॉल्व्ह मर गये. और ये वॉल्व्ह आजकल मिलता नाही. मेरी मानो, इसका पेट साफ कर देता हूँ. डिब्बा यही, रेक्झिन यही, स्पीकर यही. अंदर नया सर्किट. स्विच दबाया के चालू! रुकने का कामच नाही. किसी को मालूम भी नहीं पडेगा."

काशा, हे मी तुला वर्षानुवर्षं सांगत होतो, जवळजवळ याच शब्दांत. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "लगेच चालू?"

"लगेच! तुम्ही हॅलो बोला, हॅलो बाहेर."

"तापायला वेळ नाही लागणार?"

"अहो साहब, जमाना कुठे गेला! तापायला वेळ कोणाकडे हाय?"

आणि तिथे, शौकतच्या त्या मोडक्या स्टुलावर, तुझा ओट्यावरचा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसला. हा टाकला तं तू काय करशील? अरे, डबा तापायला वेळ लागत होता म्हणून मी उभा राहिलो. तो पहिल्याच दिवशी लगेच वाजला असता तर मी खुर्च्या उचलून घरी गेलो असतो. शेळी नाही, पैठणी नाही, पोपट नाही. शनिवारी संध्याकाळी कोणी वाट बघत नाही. माझ्या आयुष्यात जे काही रंगीत घडलं ते सगळं तुझ्या त्या म्हाताऱ्या नळ्या नारिंगी होईपर्यंतच्या वेळात घडलं. तुला हे माहीत होतं. तू मितभाषी, म्हणून एकदाच विचारलंस, आणि मी तिथेसुद्धा "माझा काय संबंध" म्हणालो.

"नाही शौकतभाई," मी म्हणालो. "पेट साफ करायचं नाही. वॉल्व्ह शोधा."

"किधर से शोधू?"

"कुठूनही. भंगारातून. बंद पडलेल्या टॉकीजमधून. तुमच्या वडिलांच्या रेडिओतून."

"अब्बा के रेडियो को हाथ नहीं लगाने का," तो कडाडला. मग डब्याकडे बघून म्हणाला, "इतना जुना माल, खरखर करेगा, हुं हुं करेगा, वजन गधे का. इसमें रखा क्या है?"

आणि मी, ऐक हं, मी त्याला म्हणालो, "नाय टाकाचा."

तुझ्याच सुरात. तुझ्याच त्या हट्टी, जड जिभेने. आपलं भांडण मी तुझ्या बाजूने जिंकलो आणि हरल्याचं दुःखही मीच केलं. तू तिथे हवा होतास. कपाळावर हात मारून म्हणाला असतास, पोपटाचा कावळा झाला.

शौकतने वैतागून वायर ओढून हातात घेतली आणि प्लग डोळ्यांजवळ नेला. "ये लाल निशान किसने किया?"

जुना दोन पिनांचा प्लग. एका बाजूला लाल टिकली. कुंकू असेल, मी म्हणालो. त्याने नखाने खरवडलं. "कुंकू नाही. नेलपॉलिश." मग त्याने हसून प्लग उलटसुलट फिरवला. "समझा. हुशार आदमी था. देखो साहब, दो पिन का माल, अर्थिंग नाही. निशान ऊपर लगाओ तो शरीफ. उलटा लगाओ तो डिब्बे का पत्रा काटता है, माइक काटता है. गीली जमीन पे खडे रहो तो होठ को झिणिणि..."

त्याने झिणिणि म्हटलं आणि मी उठून उभा राहिलो.

प्लग सैल हाय. दाबून बसवला.

काशा! अरे चोरा!

मी शौकतच्या दुकानातून सरळ करंजाड्याला गेलो. वहिनी ओट्यावर बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती. तू गेल्यापासून ती कामापुरतं बोलते, मान वर करत नाही. मी पाणीसुद्धा न मागता विचारलं, "वहिनी, काशाच्या प्लगला लाल खूण कसली?"

तिचा हात सुपातच थांबला. तिने ओठ दाबून धरले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय, मी चुकलो. पण ती हसत होती, पदर तोंडाशी धरून, इतकी की सूप कलंडलं.

"माझी नखपालिश चोरली हुती. मी विचारलं तं बोलले, पोपटाचा ब्रेक हाय. तुमची गोष्ट लांबली का प्लग उलटा करायचा. तुमी थांबले का सुलटा."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं! आन घरी येऊन सांगायचे ना, आज दोनदा ब्रेक मारला, आज तीनदा. मी बोलायची, भावजींना लागेल कधीतरी. तं बोलायचे, लागत नाय, नुसता गुदगुल्या करतंय."

आतून आयचा आवाज आला, "कोन हसतंय गो?" त्या घरात कुणी हसलं होतं याचं तिला नवल वाटलं होतं. ती भिंत धरत बाहेर आली, ऐकलं, आणि म्हणाली, "तं काय. मना बी माहीत हुतं." मग कळलं, दामूला माहीत होतं. गायकांना माहीत होतं. वनिताला लहानपणापासून माहीत होतं. आख्ख्या ऑर्केस्ट्राने रुमाल बांधून बोलणाऱ्या मला पाहिलं आणि गंभीर तोंड करून "ओल असेल, ओल असेल" म्हटलं!

मी तिथेच पायरीवर बसलो. हसत होतो, मध्येच हसणं फाटलं. कारण मला त्या क्षणी तुला एक सणसणीत लगावायची होती, आणि ती कुठे लगावणार? एवढी सुंदर खोडी, इतकी वर्षं जपलेली, आणि ती पकडली गेली तेव्हाचं तुझं तोंड बघायला मिळालं नाही. तू जाताना माझं पुष्कळ काही घेऊन गेलास, पण ते एक तोंड राहायला हवं होतं रे.

आय माझ्याजवळ बसली. म्हणाली, "डबा व्हईल कं नीट?"

"होईल," मी म्हणालो. "व्हायलाच पाहिजे."

शौकतने वॉल्व्ह मिळवले. कुठून, ते त्याने सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात अब्बांच्या रेडिओवर एक रुमाल टाकलेला मी पाहिला. तो जितक्या फुशारक्या मारतो तितका वाईट माणूस नाही. हळद मात्र त्याने सगळी काढली नाही, म्हणाला, "थोडा रहने दिया, आदत होगी उसको." आणि एका गोष्टीवर तो अडून बसला. दोन पिनांचा प्लग चालणार नाही. तीन पिनांचा, अर्थिंगवाला लावणार. "बुजुर्ग औरत गायेगी. उसके होठ को झिणिणि नहीं होना मंगता." हे मलाही पटलं. त्याने जुना प्लग कापला आणि कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

हळदीची संध्याकाळ. तुझ्या अंगणात मांडव, आंब्याचे टहाळे, पाटावर वनिता, हातात हळदीची वाटी. शेजारच्या आळीत कुणाची कॅसेट चालू होती, ती दामू जाऊन बंद करून आला. डबा ओट्यावर, वरचा हंडा हलवलेला. मी स्विच दाबला. नळ्या हळूहळू नारिंगी व्हायला लागल्या. माइक माझ्या हातात. माणसं गप्प झाली, बायका पदर सावरून बसल्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि काशा, माझी शेळी आली नाही. पैठणी आली नाही. तोंडात काहीच आलं नाही. मी तुझ्या जागेकडे बघत होतो, डब्याच्या मागे, जिथे तू वाकायचास. तिथे फक्त भिंत होती आणि भिंतीला नवीन प्लग.

आय पाटाजवळून म्हणाली, "बोल ना रं, पोपटा. डबा तापेस्तवर बोल."

मग मी बोललो. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. तेराव्याला बोललो होतो, पुरे झालं. मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली, जो माइकाला रुमाल बांधून बोलायचा. त्याला वाटायचं, आपल्या ओठांत काही दोष आहे. त्याने वैद्याला जीभ दाखवली, त्याने ओठांना खोबरेल लावून बघितलं. पुढच्या बायका हसायला लागल्या, दामूने तोंड फिरवलं, वहिनीने पदर लावला. वनिता हळदीच्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या. पाठीमागून आवाज आला. हुंऽऽऽ. डबा उठला होता.

मी थांबलो नाही. गोष्ट रंगली होती. मी आणखी फुलवली, आणखी. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी वाट बघतोय. ओठ माइकाच्या अगदी जवळ नेले. टेकवले. काही नाही. दिवा मिणमिणला नाही, कुणी वाकलं नाही. माइक थंडगार, शहाणा, सभ्य. मला कुणीही थांबवणार नव्हतं, मी सकाळपर्यंत बोललो असतो तरी.

आयने हात पुढे केला. "दे आता."

मी माइक दिला. तिने तो तोंडापाशी धरला, एकदा खाकरली, आणि सुरू झाली. आवाज बारीक झालाय, कडेने फाटलाय, पण तो तिचाच होता. शेवटच्या बाईपर्यंत गेला. तिने पहिली ओळ संपवून डब्याकडे अशी मान हलवली, जशी तू गिटार वाजवत असताना हलवायची. मग वनिताच्या गालाला हळद लागली.

डबा आता तुझ्याच ओट्यावर आहे. हंडा परत वर ठेवायचा नाही असं मी वहिनीला बजावलं आहे; ती हो म्हणाली, म्हणजे ठेवणार.

आणि तो जुना प्लग माझ्याकडे आहे. हे लिहिताना टेबलावर समोर ठेवला होता, लाल टिकली वर. आमची ही मघाशी येऊन पानं बघून गेली आणि म्हणाली, "भावजींवर इतकं? ते असते तर एवढं लिहू दिलं असतं का?"

नसतं दिलं. म्हणून आत्ताच तो उलटा करून ठेवला.